वांग्याचा दोष नव्हता

आमच्या मोठ्याईनं आधी वांगं सोडलं. मग तुरीचं वरण, मग ठेचा, आणि कुणीतरी गव्हाचं नाव घेतल्यावर पोळीसुद्धा. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात पोटाची तक्रार निघाली की पहिला प्रश्न ‘काय खाल्लं होतं?’ हाच असतो, आणि वांग्यावर संशय ठरलेला. ‘मले बाधते ते,’ ती म्हणायची. ताट रिकामं होत गेलं तशी ती पांढरी पडत गेली. कापूस वेचता वेचता दम लागून धुऱ्यावर बसू लागली. शेवटी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ६ भरलं. बाईमाणसाचं ते १२ च्या खाली नसावं.

डॉक्टरांनी वांग्याबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ‘संडासचा रंग कसा असतो?’

मोठ्याई लाजली. मग हळूच म्हणाली, ‘काळी होते. पण ते त्या लोहाच्या गोळ्यायनं.’ अशक्तपणासाठी तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या आणि त्यांनी संडास काळपट होते हे तिला कुणी तरी सांगून ठेवलं होतं. ते खरंच आहे. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न टाकला, ‘गोळ्या कधी सुरू झाल्या आणि काळी कधीपासून?’ ती बोटांवर मोजत बसली. ‘गोळ्या दिवाळीत. काळी तं पोळ्यापासून होते.’

पोळ्याचा सण दिवाळीच्या आधी, म्हणजे काळा रंग गोळ्यांच्याही आधीचा. त्या एका उत्तरानं सगळं उलगडलं.

जठरात किंवा त्याला लागून असलेल्या आतड्याच्या पहिल्या भागात रक्त झिरपलं, तर ते खाली येईपर्यंत लाल राहत नाही. जठरातलं आम्ल आणि आतड्यातले जिवाणू हिमोग्लोबिन मोडतात आणि त्यातल्या लोहाचा रंग काळा होतो. म्हणून वरच्या भागातला रक्तस्राव डांबरासारखा दिसतो: काळा, चिकट, चकाकणारा, पाणी ओतलं तरी चटकन न धुतला जाणारा आणि वेगळाच उग्र वास असलेला. पन्नास ते शंभर मिलिलीटर, म्हणजे चहाचा एक लहान कप रक्त एवढ्यालाही पुरतं. लोहाच्या गोळीनं संडास काळपट-हिरवी होते, पण ती अशी चिकट नसते आणि तिला तो वासही येत नाही. लाल रक्त दिसलं तर ते बहुधा खालचं असतं, मूळव्याधीचं किंवा फिशरचं, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेचं. तरी ‘मूळव्याधच असेल’ म्हणून घरी बसू नये, मोठ्या आतड्याची गाठही तशीच रक्त दाखवते.

मग जे अन्न मानवत नाही त्याचं काय? दूध घ्या. दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं विकर अनेक मोठ्या माणसांत कमी होतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात. गॅस होतो, पोट फुगतं, आतड्यात पाणी ओढलं जाऊन जुलाब होतात. त्रास खरा असतो, पण आतड्याचं अस्तर कुठे फाटत नाही, म्हणून रक्त येत नाही. ताक अनेकांना चालतं, कारण विरजणातले जिवाणू त्या साखरेचा काही भाग आधीच संपवतात.

गव्हाची गोष्ट जरा वेगळी. सीलिॲक आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अस्तरावरची बारीक लव झडते, लोह शोषलं जात नाही आणि रक्त कमी होतं. म्हणजे इथं रक्त सांडत नाही, बनतच नाही. आपली ज्वारी ग्लुटेनमुक्त आहे, त्यामुळे अशा माणसाला भाकर बिनघोर चालते. पण तपासणीआधीच गहू बंद केला तर रक्ततपासणीत आजार सुटून जाऊ शकतो. आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम मोडू नका. अन्नामुळे खरोखर रक्त पडतं ते तान्ह्या बाळांत: गाईच्या दुधातलं प्रथिन न सोसल्यानं काही बाळांच्या शीमध्ये शेंबडासोबत रक्ताच्या रेषा दिसतात.

मोठ्याईला यातलं काहीच नव्हतं. तोंडातून दुर्बीण जठरात गेली तेव्हा पडद्यावर जखम दिसली, मधोमध पांढरट, कडेनं लाल. मी बाजूला उभा होतो. पाच महिने आम्ही वांग्याला कोसत होतो आणि जखम तिथं होती.

ती आली कुठून? निंदणाच्या दिवसांपासून ती रोज संध्याकाळी दुकानातून अंगदुखीची गोळी आणत होती. दिवसभर वाकून काम केल्यावर कंबर उभी राहू देत नाही, हे शेतात राबणाऱ्या कुणालाही सांगायला नको. जठरातलं आम्ल जठरालाच खाऊ शकतं, म्हणून आतून चिकट द्रवाचा लेप असतो. तो टिकवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात आणि वेदनेची जाणीव तीव्र करण्यातही त्यांचाच हात असतो. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या ही द्रव्यं बनूच देत नाहीत, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन त्याच घराण्यातल्या. कंबरेचं दुखणं थांबतं आणि लेपही पातळ होतो. त्यातही घातक म्हणजे जखम झाली तरी तीच गोळी तिचं दुखणं दाबून ठेवते. मोठ्याईचं पोट फारसं दुखलंच नव्हतं.

सोबत एक जिवाणूही सापडला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. अल्सर, म्हणजे अशी जखम, तिखटानं आणि काळजीनं होतो असं डॉक्टरही मानत असताना, १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या डॉक्टरांनी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. लोक मानेनात, तेव्हा मार्शल यांनी तो स्वतःच पिऊन पाहिला आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. झालेल्या जखमेची आग ठेच्यानं वाढते, पण जखम ठेचा करत नाही.

अनवाणी शेतात जाणाऱ्यांसाठी आणखी एक सांगायलाच हवं. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून पायाच्या कातडीतून शिरते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. त्याच्या एका जातीचा एक कृमी दिवसाला साधारण ०.२ मिलिलीटर रक्त खातो. शंभर कृमी म्हणजे २० मिलिलीटर, त्यात जवळपास १० मिलिग्रॅम लोह. अन्नातून शरीर दिवसाला १-२ मिलिग्रॅम लोहच शोषतं. गेलेल्यातलं काही लोह आतड्यात परत शोषलं जातं, तरी हिशोब तोट्याचाच. इथं संडास काळी दिसेलच असं नाही. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, त्यामुळे ‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर थांबू नका, कशामुळे कमी आहे ते विचारा.

चहाच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी झाली, डांबरासारख्या संडाससोबत चक्कर आली, घाम सुटून हातपाय गार पडले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा.

मोठ्याईला रक्ताच्या पिशव्या लागल्या, चौदा दिवस प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी चालली. यंदा वेचणीला ती परत उभी आहे. भरली वांगी खाते. कंबर अजून दुखतेच, पण गोळी घ्यायच्या आधी समोरच्याला ठणकावून सांगते, ‘माह्या पोटात जखम झाली होती. त्याले चालंल अशीच दे.’