मिश्र पक्षिगृहातील फिंचांची वीण व पिलांची हानी

एकाच जाळीघरात फिंचांच्या अनेक जाती एकत्र ठेवल्या असता अंडी न फुटणे, पिल्ले घरट्यात मरणे किंवा बाहेर टाकली जाणे आणि उडू लागलेली पिल्ले थोड्याच आठवड्यांत दगावणे, या प्रकारांचा विचार या नोंदीत केला आहे. पक्षिपालनात ‘फिंच’ म्हणजे मुख्यतः मुनियांच्या एस्ट्रिल्डिडी कुलातील पक्षी होत. युरोपातील खऱ्या फिंचांचे फ्रिंजिलिडी हे कुल वेगळे आहे. भारतातील पक्षिगृहांत झेब्रा, बेंगलीज, गोल्डियन व जावा हे पक्षी प्रामुख्याने आढळतात. लाल मुनियेचे शास्त्रीय नाव ‘अमांडावा’ हे अहमदाबादच्या नावावरून आलेले असले, तरी तिच्यासह सर्व भारतीय रानमुनिया पकडणे व विकणे कायद्याने निषिद्ध आहे.

पिलांच्या हानीचा विचार करताना बेंगलीजच्या उगमाचा प्रश्न टाळता येत नाही, कारण दुसऱ्यांची अंडी उबवणारी दाई म्हणून हाच पक्षी सर्वत्र वापरला जातो. तो रानात कोठेही आढळत नाही. नावात बंगाल असला तरी त्याची घडण जपानात झाली व तेथे त्याला ‘जुशिमात्सु’ म्हणतात. अनेक मुनियांच्या संकरातून तो निर्माण झाला असावा, असे जुने मत आहे. दुसऱ्या मतानुसार तो पांढऱ्या पाठीच्या मुनियेच्या (लोंकुरा स्ट्रायाटा) चिनी उपजातीपासून आला असून हे पक्षी बहुधा अठराव्या शतकात चीनमधून जपानात नेले गेले. ही मुनिया सह्याद्रीतही दिसते. आनुवंशिक पुरावा पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जपानी पाळणाऱ्यांनी आरंभी रंगापेक्षा पिल्ले नीट वाढवण्याच्या गुणासाठी निवड केली असावी, असेही मानले जाते. परक्या पिलांना निमूटपणे भरवण्याची बेंगलीजची वृत्ती त्यामुळे समजू शकते.

हीच दाई गोल्डियनच्या पिलांना घातक ठरू शकते. बेंगलीजच्या आतड्यात कॉक्लोसोमा हा चाबकासारखे केस असलेला एकपेशीय परजीवी वास करू शकतो आणि दाईला त्याचा काहीही त्रास होत नाही. या वंशातील कॉक्लोसोमा ॲनाटिस या जातीचे वर्णन १९२३ मध्ये बदकांवरून झाले. पक्षिगृहातील मुनियांच्या पिलांशी त्याचा संबंध डच पशुवैद्यकांनी १९७८ मध्ये मांडला. भरवताना तो पिलाच्या पोटात जातो आणि साधारण दहाव्या दिवसापासून सहाव्या आठवड्यापर्यंत पिल्ले सुकत जाऊन मरतात. विष्ठा पातळ होते व तिच्यात राळ्याचे अख्खे दाणे दिसतात. अशी मरतूक दाईच्या निकृष्ट भरवणीमुळे किंवा गोल्डियनच्या अंतःप्रजननामुळे (जवळच्या नात्यातील जोड्यांमुळे) होते, असे मानणारेही आहेत, आणि ती कारणे काही ठिकाणी खरी असतील. परंतु पिल्ले सतत एकाच दाईखाली मरत असतील, तर दाईची ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेणे हे पहिले काम होय. नमुना थंड होताच परजीवी हालचाल थांबवतात व नजरेतून निसटतात.

जोडी कोणी जुळवली, यालाही महत्त्व आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झेब्रा फिंचांवरील प्रयोगात स्वतः जोडीदार निवडलेल्या पक्ष्यांची जगलेली पिल्ले लादलेल्या जोड्यांपेक्षा ३७ टक्के अधिक होती. लादलेल्या जोड्यांत निष्फळ अंडी जास्त निघाली आणि पिलांचे मृत्यू बहुतांशी पहिल्या ४८ तासांतच झाले. गोल्डियनमध्ये लाल व काळ्या डोक्याच्या पक्ष्यांची जोडी लावल्यास पिलांचे, विशेषतः मादी पिलांचे, मृत्यू वाढतात, हे २००९ मध्ये दाखवले गेले. रंगासाठी जोड्या लावणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मिश्र पक्षिगृहातील बरीचशी हानी घरट्याच्या भांडणातून होते. मादीने अंडी घातल्यावरही झेब्रा नर काड्या आणीतच राहतो. घरट्यासाठी टांगलेल्या मडक्यात एका थरावर दुसरा थर रचला जाऊन खालची अंडी गाडली जातात. म्हणून पहिले अंडे दिसताच गवत, काथ्या उचलावा. शेजारचे मडके बळकावताना तो परकी पिल्लेही बाहेर ओढतो. जोड्यांपेक्षा घरटी अधिक व सर्व एकाच उंचीवर टांगल्यास वाद पुष्कळ घटतो. गोल्डियनचे आईबाप पिल्ले साधारण दहा दिवसांची झाली की रात्री त्यांच्यावर बसणे सोडतात, आणि तेव्हा पिल्ले जवळजवळ उघडीच असतात. त्यांच्या मूळ प्रदेशात, उत्तर ऑस्ट्रेलियातील उष्ण ढोलीत, हे चालून जाते. पुणे-नाशिककडील डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र सबंध घरटे गारठून जाते.

कारण ओळखण्यासाठी मेलेले पिल्लू फेकून न देता आधी त्याची मान पाहावी. कातडी इतकी पातळ असते की गळ्याच्या पिशवीतले दाणे बाहेरून मोजता यावेत. पिशवी रिकामी असेल तर भरवणीत खंड पडला. भरलेली असेल तर थंडी वा रोग यांचा संशय घ्यावा. न फुटलेले अंडेही उबवणीच्या पाचव्या-सहाव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात धरावे: तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर ते फळलेले आहे, स्वच्छ पिवळे दिसले तर बहुधा निष्फळ.

आहारात कॅल्शियम कमी पडल्यास मादीत अंडे अडकते. समुद्रफेस व उकडलेल्या अंड्याचे कवच कायम ठेवावे. झेब्रा मोड आलेल्या धान्यावरही पिल्ले वाढवतो, पण कॉर्डन ब्लूसारख्या लहान वॅक्सबिलांना (मुनियांच्याच कुलातील छोट्या पक्ष्यांना) पिलांच्या पहिल्या आठवड्यात जिवंत किडे लागतात आणि ते न मिळाल्यास हे पक्षी पिल्ले टाकून देतात. आपल्याकडे पक्षिगृहाच्या खांबांना मुंग्या चढू न देणे हेही तितकेच आवश्यक आहे. तांबड्या मुंग्या एका रात्रीत घरटे रिकामे करतात.