संशोधन संघटना आणि व्यापार संघटना: वनोत्पादन कंपनीनं कोणाकडून काय घ्यावं

अमेरिकेतल्या लगदा-कागद किंवा प्लायवूड कंपनीच्या खर्चाच्या यादीत दोन वर्गण्या एकाखाली एक दिसतात: एक एनकासी या संशोधन संघटनेची, दुसरी एएफअँडपीए या व्यापार संघटनेची. सभासद बरेचसे तेच. समित्या दोन्हींकडे, आणि बैठकांत हवा, पाणी, जंगल हेच विषय. मग खर्चाला कात्री लावायच्या वर्षी कोणीतरी विचारतं, "दोन कशाला? एक ठेवा." हा प्रश्न चुकीच्या समजातून येतो. दोघींची कामं एकमेकींना लागून आहेत, पण एकीचं काम दुसरीला करता येत नाही.

एनकासी म्हणजे नॅशनल कौन्सिल फॉर एअर अँड स्ट्रीम इम्प्रूव्हमेंट. लगदा-कागद उद्योगानं ती 1943 मध्ये उभी केली. तेव्हा नावात फक्त नद्या-ओढे होते, हवा नंतर जोडली गेली. तिचं काम मोजायचं: धुराड्यातून काय सुटतं, सांडपाण्यात काय उतरतं, तोडीनंतर ओढ्याचं आणि वन्यजीवांचं काय होतं. एएफअँडपीए म्हणजे अमेरिकन फॉरेस्ट अँड पेपर असोसिएशन, स्थापना 1993, कार्यालय वॉशिंग्टनमध्ये. तिचं काम बाजू मांडायचं: नियमाच्या मसुद्यावर हरकती नोंदवणं, संसद सदस्यांना भेटणं, उद्योगाच्या वतीनं बोलणं. कॅनडात बाजू मांडण्याचं काम एफपॅक, म्हणजे फॉरेस्ट प्रॉडक्ट्स असोसिएशन ऑफ कॅनडा, करते. तिथल्या एफपीइनोव्हेशन्सला काही जण एनकासीची जुळी बहीण समजतात. पण 2007 मध्ये जुन्या संशोधन संस्था एकत्र येऊन झालेल्या त्या संस्थेचा भर उत्पादनं आणि प्रक्रियांवर आहे. परमिटसाठी प्रदूषणाचा आकडा शोधणाऱ्यानं पहिला दरवाजा एनकासीचाच ठोठावावा. तिचे सभासद कॅनडातही आहेत.

फरक उघड दिसतो तो डायॉक्सिनच्या प्रकरणात. ब्लीच केलेला लगदा बनवणाऱ्या गिरण्यांत डायॉक्सिन हे अत्यंत विषारी रसायन सापडल्यावर 1988 मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था ईपीए आणि उद्योग यांनी मिळून क्लोरिननं ब्लीच करणाऱ्या 104 गिरण्या तपासल्या. उद्योगाकडून हे तांत्रिक काम एनकासीनं सांभाळलं. त्यातून आलेले आकडे उद्योगाला सुखाचे नव्हते, तरी ते पुढे आले. त्या आकड्यांवरून नियम किती कडक असावा, मुदत किती मिळावी, हा वाद मात्र व्यापार संघटनेनं लढवायचा असतो. संशोधन संघटना त्या वादात उतरली, तर तिच्या पुढच्या आकड्यावर ईपीए तरी का विश्वास ठेवील? तिची सगळी किंमत त्या विश्वासात आहे.

तो विश्वास किती खोल आहे, ते 1998 च्या क्लस्टर रूलमध्ये, म्हणजे लगदा-कागद गिरण्यांच्या हवा आणि पाणी प्रदूषणाच्या ईपीएच्या एकत्रित नियमात, दिसतं. क्राफ्ट गिरणीत, म्हणजे रसायनांत लाकूड शिजवून लगदा करणाऱ्या गिरणीत, मिथेनॉल तयार होतं आणि बाष्पाबरोबर कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफ थंड होऊन झालेल्या पाण्यात, उतरतं. नियमातल्या एका पर्यायानुसार ब्लीच करणाऱ्या गिरणीनं कंडेन्सेटवर प्रक्रिया करून, ओव्हनमध्ये पूर्ण सुकवलेल्या लगद्याच्या दर टनामागे 10.2 पौंड घातक प्रदूषकं काढायची. ब्लीच न करणाऱ्या गिरणीसाठी हाच आकडा 6.6 पौंड. कंडेन्सेटमधलं मिथेनॉल मोजायला नियमानं एनकासीची डीआय/एमईओएच-94.03 ही पद्धत नाव घेऊन मान्य केली आहे. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डच्या नियमात, म्हणजे उपभाग डीडीडीडीमध्ये, फॉर्माल्डिहाइड, मिथेनॉल, फिनॉल वगैरे सहा संयुगं मोजण्यासाठी तिची 99.02 ही पद्धत चालते. पण पद्धत कायद्यात आहे म्हणून सभासदत्व म्हणजे कायद्याचं पालन, असं मुळीच नाही. सभासद असो वा नसो, नमुना तुम्हालाच घ्यायचा आहे आणि मर्यादा तुम्हालाच पाळायची आहे.

हिशेबनीसाला हा फरक सगळ्यात लवकर कळतो. अमेरिकी आयकर कायद्याच्या कलम 162(ई) प्रमाणे वर्गणीतला लॉबिंगवर गेलेला भाग व्यवसायखर्च म्हणून वजा करता येत नाही. व्यापार संघटना तो टक्का सभासदांना कळवते किंवा त्यावरचा कर स्वतः भरते. तो टक्का कळवणारं पत्र मागून घ्या आणि दोन्ही वर्गण्या खात्यात वेगळ्या ठेवा. एकाच नावाखाली टाकल्या की संशोधनाचा पैसाही लॉबिंगसारखा दिसू लागतो.

सभासद होताना व्यापार संघटनेत मुख्य काम कंपनीच्या वरिष्ठाचं असतं. संशोधन संघटनेत तसं केलं तर पैसे वाया जातात. अर्जाबरोबर प्रत्येक गिरणी आणि प्रत्येक वनजमीन मांडावी: प्रक्रिया कोणती, लाकूड मऊ की कठीण, बॉयलर कशावर चालतात, सांडपाणी कुठे जातं. मग हवा, पाणी, घनकचरा आणि जंगल यांसाठी वेगवेगळी माणसं नेमावीत, आणि ती गिरणीत प्रत्यक्ष काम करणारी हवीत. मुख्यालयातल्या एकाच माणसाचं नाव सगळीकडे टाकलं की अहवाल त्याच्या टपालपेटीत साचतात आणि गिरणीला त्यांची गरज पडते तेव्हा ते कोणाला आठवत नाहीत. आम्हाला विचाराल तर सभासदत्व फसण्याचं हे पहिलं कारण आहे, वर्गणीची रक्कम त्यानंतर येते.

वेळही पाहून घ्यावी. नदी-ओढ्यात सांडपाणी सोडण्याचं एनपीडीईएस परमिट 5 वर्षांचं असतं आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या 180 दिवस आधी द्यावा लागतो. हवेच्या टायटल फाइव्ह परमिटच्या, म्हणजे स्वच्छ हवा कायद्याखालच्या चालू ठेवण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान 6 महिने आधी जायला हवा, आणि 18 महिन्यांहून आधी गेलेला चालत नाही. त्याआधी धुराड्याची चाचणी, तिचा अहवाल आणि तुलनेसाठी इतर गिरण्यांचे आकडे हातात हवेत. म्हणून मुदत तीन महिन्यांवर आल्यावर सभासद होण्यात फारसा अर्थ नाही. दोन वर्षं आधी झालात तर खरा उपयोग.

आकडे देण्याची भीती नवीन सभासदांना हमखास असते. प्रतिस्पर्धी त्याच खोलीत बसलेला असल्यामुळे ती रास्तही आहे. उत्पादन, किंमत, क्षमता यांवर बोलणं स्पर्धा कायद्याच्या अंगावर येतं, त्यामुळे लेखी विषयपत्रिका नसलेल्या बैठकीत बसू नका. गिरणीचे आकडे एकत्रित रूपातच बाहेर जातील, हे करारात लिहून घ्या. कंपन्या मिळून स्वतंत्र संशोधन प्रकल्प सुरू करणार असतील तर राष्ट्रीय सहकारी संशोधन कायद्याखाली लेखी करारापासून 90 दिवसांत न्याय विभाग आणि एफटीसी (फेडरल ट्रेड कमिशन) यांना कळवता येतं. तसं केलं की स्पर्धा कायद्याखालचा दावा हरल्यावर तिप्पट भरपाईऐवजी प्रत्यक्ष नुकसानीपुरतीच जबाबदारी राहते. मात्र धुराड्यातून किती सुटतं तो आकडा ईपीएकडे गेला की स्वच्छ हवा कायद्याखाली तो व्यापारी गुपित ठरत नाही. संघटनेकडे झाकलेला आकडा परमिटच्या अर्जात झाकलेला राहील, असं गृहीत धरू नका.

सर्वात जास्त चुका होतात उत्सर्जन गुणांक, म्हणजे दर टन उत्पादनामागे किती प्रदूषक सुटतं तो आकडा, वापरताना. मिथेनॉल कोणी विकत आणलेलं नसलं तरी ते लाकूड शिजवताना तयार होतं, म्हणून ईपीएला दरवर्षी द्यायच्या टीआरआय या विषारी रसायनांच्या अहवालात ते उत्पादनात मोजलं जातं. वर्षाला 25,000 पौंडांची मर्यादा ओलांडली की 1 जुलैपर्यंत आदल्या वर्षाचा फॉर्म आर, म्हणजे त्या अहवालाचा अर्ज, भरावा लागतो. इथे एनकासीचा सरासरी गुणांक हाताशी असणं मोठी सोय आहे. पण गुणांक कोणत्या टनामागे दिला आहे, हे आधी वाचा. हवेत सुकवलेल्या लगद्यात 10 टक्के ओलावा धरतात, म्हणून असे 1,000 टन म्हणजे ओव्हनमध्ये सुकवलेले 900 टन. समजा कंडेन्सेटमधून दिवसाला 9,500 पौंड काढले. 1,000 नं भागलं तर 9.5 येतात आणि गिरणी नापास दिसते. 900 नं भागलं तर सुमारे 10.6 येतात, आणि नियम 900 चाच आधार घेतो. उलट्या दिशेनं घोळ झाला, म्हणजे हवेत सुकवलेल्या टनाचा गुणांक ओव्हनमध्ये सुकवलेल्या टनांना लावला, तर उत्सर्जन 10 टक्के कमी दाखवलं जातं, आणि ही चूक तपासणीत सापडली की महागात जाते.

लाकडाची जात, लगदा धुताना कंडेन्सेट पुन्हा वापरलं जातं की स्वच्छ पाणी, यानं मिथेनॉल खूप बदलतं. तुमच्यासारख्या गिरण्यांचा गट त्या सरासरीत आहे का, हे तक्त्याखालच्या टिपांत पाहा. 'सापडलं नाही' अशा नमुन्यांना शून्य धरलं आहे की मोजमर्यादेच्या निम्मं, हेही तिथेच मिळतं. शंका राहिली तर एनकासीतल्या त्या विषयाच्या शास्त्रज्ञाला सरळ फोन करावा. वर्गणीत हा फोन धरलेला असतो, आणि तोच सगळ्यात कमी वापरला जातो.

एनकासीच्या ज्या बुलेटिनवरून आकडा घेतला त्याची प्रत, आवृत्ती आणि पान त्याच दिवशी गिरणीच्या फाइलीत ठेवा. टीआरआयची कागदपत्रं 3 वर्षं आणि टायटल फाइव्हची 5 वर्षं सांभाळावी लागतात. त्या काळात सभासदत्व सुटलं तरी तपासनीसाला आधार गिरणीनंच दाखवायचा असतो.