विमान वळवलं म्हणजे इंधन संपलं, असं नाही

मुंबईत पाऊस कोसळला की विमानं अहमदाबादला किंवा हैदराबादला वळवली जातात, आणि लगेच मेसेज फिरू लागतो: ‘इंधन संपत आलं होतं, थोडक्यात वाचलो.’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि तो लोकांना विनाकारण घाबरवतो.

निघतानाच टाकीत मुक्कामापर्यंतचं, शिवाय पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि त्यावर साधारण 30 मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं राखीव इंधन असतं. हे राखीव हातात असतानाच कॅप्टन वळायचा निर्णय घेतो. म्हणजे वळणं ही ठरलेली योजनाच.

विमानात बिघाड असेलच असंही नाही. 1 जुलै 2019 च्या रात्री जयपूरहून आलेलं एक विमान मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरलं. धावपट्टी बंद, वर पाऊस. कित्येक धडधाकट विमानं दुसरीकडे न्यावी लागली. कधी प्रवाशाची तब्येत बिघडते, तेव्हा जवळचं रुग्णालय महत्त्वाचं.

मग उशीर झाला की कंपन्या सांगतात ते ‘ऑपरेशनल कारण’ म्हणजे लपवाछपवी? नोंद त्याहून नेमकी असते. उशिरासाठी आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे दोन आकडी कोड आहेत: 41 म्हणजे विमानातला दोष, 72 म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणचं हवामान. तेच विमान पुढच्या फेरीला उशिरा निघालं की कोड लागतो 93, आधीच्या फेरीमुळे उशीर. त्यामुळे मूळ कारण पाऊस असला तरी संध्याकाळच्या प्रवाशाला स्वच्छ आकाशाखाली ताटकळावं लागतं. कंपन्यांनी हे सरळ मराठीत सांगितलं पाहिजे. प्रवाशांनीही काउंटरवर मूळ कारण जरूर विचारावं.