टिशोमिंगो : आठ वर्षांची मुदत आणि ग्रॅनाइटचं कॅपिटॉल

दक्षिण ओक्लाहोमातलं टिशोमिंगो डॅलसहून किंवा ओक्लाहोमा सिटीहून गाडीने साधारण 2 तासांवर. सकाळी निघालात तर चिकसॉ या मूलनिवासी टोळीच्या जुन्या राजधानीतल्या दोन्ही मुख्य वास्तू जेवणाच्या वेळेपर्यंत बघून होतात. आधी लाकडी ओंडक्यांचं सभागृह, मग ग्रॅनाइटचं कॅपिटॉल, म्हणजे त्यांच्या सरकारची इमारत. उलट गेलं की ओंडक्यांचं घर किरकोळ वाटतं आणि त्यापुढे न थांबताच माणसं बाहेर पडतात.

खरं तर सुरुवात त्याच घरापासून आहे. मिसिसिपीतून हुसकावल्यावर चिकसॉंनी 1837 साली चॉक्टॉ या दुसऱ्या टोळीला 5,30,000 डॉलर मोजून पश्चिमेला जागा मिळवली. कारभार मात्र चॉक्टॉंच्याच छत्राखाली राहिला. आणखी दीड लाख डॉलर देऊन 1855 च्या कराराने वेगळं होता आलं, आणि 1856 मध्ये इथे स्वतःचं संविधान झालं. ते घर त्या दिवसांतलं. आज ते संग्रहालयाच्या छताखाली जपलेलं आहे.

कॅपिटॉल नोव्हेंबर 1898 चं. दगड जवळच्याच पेनिंग्टन क्रीकच्या खाणीतला. त्याच वर्षी जूनमध्ये वॉशिंग्टनने कर्टिस कायदा करून टोळ्यांची न्यायालयं मोडीत काढली आणि सामाईक जमिनीच्या वाटणीचा रस्ता मोकळा केला. मग एवढं भक्कम बांधकाम कशासाठी? उत्तर या दोन टोळ्यांबरोबरच्या अटोका करारात सापडतं. तो 1897 चा. त्यात टोळ्यांच्या सरकारांना 4 मार्च 1898 पासून 8 वर्षांची मुदत होती. चिकसॉंनी मतदानात तो फेटाळला. नव्या कायद्याने तोच करार पुन्हा मताला टाकला, पण चॉक्टॉ आणि चिकसॉ यांची मतं एकत्र मोजायची असं ठरवून. चॉक्टॉ संख्येने कितीतरी जास्त. ऑगस्टमध्ये करार मंजूर झाला. कागदोपत्री याला संमती म्हणतात. ती कोणाची, हे मोजणीच्या पद्धतीवरूनच कळतं.

वाटणीतही सगळे सारखे नव्हते. टोळीच्या नागरिकांना सरासरी प्रतीची 320 एकर जमीन, तर चिकसॉंनीच गुलाम म्हणून ठेवलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना 40. या लोकांना नागरिकत्व द्या, असं 1866 च्या करारात सुचवलं होतं. ते त्यांना मिळालंच नाही. माहितीफलक वाचताना हे लक्षात असू द्यावं.

मुदत 1906 च्या मार्चमध्ये संपायची होती. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, आयत्या वेळी ती वाढवली, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या कायद्यात टोळ्यांची सरकारं चालू राहतील असं लिहिलं. त्यामुळे '1907 मध्ये (ओक्लाहोमा राज्य झालं तेव्हा) चिकसॉ राष्ट्र संपलं' हे सर्रास ऐकू येणारं वाक्य चूक आहे. संपली ती निवडणूक: त्यानंतर गव्हर्नर नेमायचा तो अमेरिकेच्या अध्यक्षांनी, थेट 1970 च्या कायद्यापर्यंत. कॅपिटॉलमध्ये काउंटीचं कोर्ट बसलं. विसाव्या शतकाच्या शेवटाकडे चिकसॉंनी ती इमारत परत विकत घेतली.

दुपार सल्फर या गावासाठी ठेवावी, पाऊण तासाचा रस्ता. तिथल्या झऱ्यांभोवतीची 640 एकर जमीन 1902 मध्ये केंद्र सरकारकडे गेली, आज ती राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे. गावातलं मोठं सांस्कृतिक केंद्र 2010 चं. वेळ आधी तपासून निघा, सणासुदीला ती बदलते.

चिकसॉंचं आरक्षित क्षेत्र काँग्रेसने कधी रद्द केलंच नव्हतं, असं राज्याच्या फौजदारी अपील न्यायालयाने 2021 मध्ये मान्य केलं. त्या निकालानुसार तिथल्या मूलनिवासी आरोपीवर राज्याला खटला चालवता येत नव्हता. पीडित मूलनिवासी आणि आरोपी बाहेरचा असेल, तर मात्र 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यालाही अधिकार दिला आहे.