बारा पट फास्ट, पण कोणाच्या बारा पट?

पॅरलल लँग्वेज (प्रोसेसरच्या अनेक कोरवर, म्हणजे स्वतंत्र काम करणाऱ्या भागांवर, एकच काम वाटून देणारी) किती फास्ट आहे हे सांगताना लोक लगेच ग्राफ टाकतात, १ कोरवर ६० सेकंद, १६ कोरवर ५ सेकंद, म्हणजे १२ पट स्पीडअप! पण तोच हिशोब साध्या सी मध्ये नीट लिहिला आणि तो एकाच कोरवर १० सेकंदात होत असेल तर? मग खरा फायदा फक्त दुप्पट, तो पण १६ कोर राबवून. म्हणून तुलना कायम सगळ्यात चांगल्या सीरियल (एकाच कोरवर चालणाऱ्या) प्रोग्रामशीच करायला हवी असं माझं ठाम मत आहे.

कॉम्प्युटर आर्किटेक्ट जीन अॅमडालने १९६७ मध्येच मांडलं होतं की जो भाग वाटून देता येत नाही तोच शेवटी आडवा येतो. असा भाग ५ टक्के जरी असला तरी १६ कोरवर साधारण ९ पटच मिळतात.

पण खरी गंमत मेमरीत आहे. शेअर्ड मेमरी मशीनमध्ये सगळ्या कोरची रॅम एकच, कॅशे (कोरजवळची छोटी, वेगवान मेमरी) मात्र प्रत्येकाची थोडी स्वतःची. समजा ८ थ्रेड (एकाच प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे भाग) काहीतरी मोजतायत आणि प्रत्येकाचा ८ बाइटचा काउंटर एकाच अॅरेत शेजारी शेजारी आहे. कॅशे लाइन (कॅशेत एका वेळी आणला जाणारा मेमरीचा तुकडा) सहसा ६४ बाइटची, म्हणजे आठही काउंटर एकाच लाइनीत बसू शकतात! हे म्हणजे आठ जणांनी आपापल्या ओळीत लिहायचं, पण वही एकच, त्यामुळे एकाने लिहायला घेतली की बाकीचे थांबले, आणि दिवसभर वही नुसती ह्या टेबलावरून त्या टेबलावर. कोडमध्ये चूक काहीच नाही, उत्तर पण बरोबर येतं, फक्त वेळ जातो. ह्याला फॉल्स शेअरिंग म्हणतात.

इथे लँग्वेजचा फरक दिसतो. ओपनएमपी मध्ये (सी, फोरट्रानच्या कोडमध्ये लिहायच्या पॅरलल सूचना, १९९७ ला आलं, आधी फोरट्रानसाठी) रिडक्शन असं लिहिलं की प्रत्येक थ्रेडला स्वतःची कॉपी मिळते आणि बेरीज शेवटी होते. एमआयटीच्या सिल्क (Cilk) ह्या पॅरलल लँग्वेजची खासियत वेगळी, रिकामा बसलेला कोर दुसऱ्याच्या रांगेतलं काम उचलून नेतो, त्यामुळे कामं लहानमोठी असली, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) असलं की ते छान चालतं. सरळसोट लूपला मात्र ओपनएमपीची समान वाटणीच पुरते. म्हणजे टेस्टला लूप घेतला की रिकर्शन, ह्यावरच निकाल फिरू शकतो.

आणि दोन मोठे अॅरे नुसते बेरीज करायचे असतील तर काही कोरनंतर रॅमचीच दमछाक होते, तिथे लँग्वेज कुठलीही घ्या, आकडा हलत नाही.