जिवंत दात्याकडून लिव्हर प्रत्यारोपण: आधी मापं, मग कागद

घरातलं कुणी लिव्हरचा भाग द्यायला तयार झालं की अनेक कुटुंबं आधी नोटरीकडे धावतात. तसं करू नका. दाता शस्त्रक्रियेत बसतो की नाही हे आधी कळू द्या.

दाता 18 वर्षांवरचा हवा, ही अवयव प्रत्यारोपण कायद्याची अट. वरची मर्यादा बरीच रुग्णालयं 50-55 धरतात. रक्तगट जुळणारा हवा. पॉझिटिव्ह-निगेटिव्हने अडत नाही. लिव्हरमध्ये चरबी जास्त निघाली तर वजन उतरवून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करता येते, त्यामुळे लगेच खचू नका.

खरा निर्णय सीटी व्हॉल्युमेट्रीवर, म्हणजे सीटी स्कॅनवरून लिव्हरच्या भागांचं आकारमान मोजण्यावर होतो. रुग्णाला त्याच्या वजनाच्या साधारण 0.8 टक्के लिव्हर मिळायला हवं आणि दात्याकडे किमान 30 टक्के उरायला हवं. कित्येक सर्जन 35 चा आग्रह धरतात. समजा रुग्ण 70 किलोचा, म्हणजे त्याला 560 ग्रॅम लागतं. दात्याचं पूर्ण लिव्हर 1100 मिली (1 मिली साधारण 1 ग्रॅम धरतात) आणि उजवा भाग 720 असेल तर मागे 380 उरतं, जवळपास 35 टक्के. जमतं. उजवा भाग 800 निघाला तर उरतं 27 टक्के. तो देता येत नाही आणि डावा 300 रुग्णाला पुरत नाही. दाता बदलावा लागतो. पोटात पाणी झालेल्या रुग्णाचं काट्यावरचं वजन मात्र फसवं असतं. हिशेब पाणी वगळून करतात.

एमआरसीपी या एमआरआय तपासणीत पित्तनलिका दिसतात. उजव्या भागाला पित्तनलिकेची दोन-तीन तोंडं असतील तर जोडही तितके पडतात आणि पुढे पित्त गळण्याचा, जोड अरुंद होण्याचा धोका वाढतो. लिव्हरमधून रक्त बाहेर नेणारी मधली शीर दात्याकडे ठेवली तर उजव्या भागातून त्या शिरेला मिळणाऱ्या मोठ्या शाखा वेगळ्या जोडाव्या लागतात. नाहीतर तेवढ्या भागात रक्त तुंबतं.

आता कागद. पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं हे कायद्याने जवळचे नातेवाईक. पती किंवा पत्नी दाता असेल तर फॉर्म 2, बाकीच्यांना फॉर्म 1. सून, जावई, भाचा, पुतण्या, मेहुणा यात येत नाहीत. त्यांना फॉर्म 3 आणि प्राधिकार समितीची परवानगी लागते, शिवाय दोघांच्या मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावेही. फॉर्म 11 हा दाता आणि रुग्णाचा संयुक्त अर्ज. प्रतिज्ञापत्र करताना नोटरीच्या रजिस्टरमध्येही सही करा, ती हमखास राहते.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. लग्न झालेली मुलगी वडिलांना लिव्हर देते तेव्हा तिच्या आधार कार्डावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव असतं. अशा वेळी शाळा सोडल्याचा दाखला वडिलांशी नातं दाखवतो आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं दाखवतं. दोन्ही मूळ प्रती सोबत ठेवा. कागदांवरून नातं सिद्ध झालं नाही तर डीएनए तपासणी सांगितली जाते आणि त्यात दिवस जातात. पती-पत्नींनी विवाह प्रमाणपत्र, लग्नाचा फोटो, सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो आणि मुलांचे जन्मदाखले न्यावेत.

दाता स्त्री असेल तर तिची संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळली जाते. तिला एकटीला बोलू द्या. दात्याला शस्त्रक्रिया सुरू होईपर्यंत केव्हाही नाही म्हणता येतं, आणि हे त्याला घरच्यांनीच आधी सांगायला हवं.