लायगो-इंडिया आणि इंदूरचं कॅट

लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी पकडायची वेधशाळा, मराठवाड्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे, पण तिच्यातलं लेझर आणि आरशांचं नाजूक काम आपल्या इंदूरच्या कॅटकडे आहे. कॅट म्हणजे राजेंद्रनगरजवळचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, १९८४ सालचं, २००५ मध्ये नाव बदललं तरी इथे सगळे कॅटच म्हणतात. इंडस-१, इंडस-२ या सिंक्रोट्रॉन मशिनी, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर किरण काढणारी यंत्रं, तिथल्याच. आता लेझरवाल्यांचा आणि ताऱ्यांचा काय संबंध, असं राजेंद्रनगरातल्या मराठी मंडळींनाही वाटतं.

तर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाशच थरथरतं, हीच गुरुत्वीय लहर, पण ती थरथर इथे पोचेपर्यंत इतकी बारीक होते की ४ किमी लांबीत पडणारा फरक प्रोटॉनपेक्षाही काहीशे पट लहान असतो. तो मोजायला लेझरचा किरण दोन भागांत फोडून काटकोनातल्या दोन लांबलचक निर्वात नळ्यांत सोडतात, टोकाच्या आरशांवरून तो परत येतो आणि दोन्ही भाग एकमेकांना जवळपास पुसून टाकतात, एका नळीची लांबी जरा जरी बदलली की उजेड बदलतो. अमेरिकेतल्या लायगोचे आरसे ४० किलोचे आहेत आणि काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेत, जमिनीचा हादरा पोचू नये म्हणून. १४ सप्टेंबर २०१५ला पहिली लहर तिथेच सापडली.

मग इथे आणखी एक कशाला? अमेरिकेतल्या दोन वेधशाळा एकमेकींपासून ३००० किमीवरच, त्यामुळे लहर आली हे कळतं पण आकाशात कुठून ते नीट कळत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे धडकले तेव्हा इटलीच्या व्हर्गो वेधशाळेला सिग्नल फारच क्षीण दिसला, म्हणजे धडक तिला नीट न दिसणाऱ्या दिशेला झाली होती, आणि गंमत म्हणजे त्यावरूनच जागा आवळता आली, दुर्बिणी तिकडे वळल्या आणि धडक झाली ती दीर्घिकाही (गॅलेक्सी) सापडली. भारतात वेधशाळा झाली तर वेधशाळांमधलं अंतर भलतंच वाढतं, आणि लहर कुठे आधी पोचली यावरून दिशा आणखी नीट कळते.

बाकी वाटणी अशी: निर्वात यंत्रणा गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे, जागा निवडणं आणि डेटा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेकडे. नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली हीच संस्था, आणि गोंगाटातून लहरीचा सिग्नल वेगळा कसा काढायचा यावर संजीव धुरंधर तिथे पहिली लहर सापडायच्या कितीतरी आधीपासून काम करत होते. केंद्र सरकारने तत्त्वतः होकार दिला फेब्रुवारी २०१६ मध्ये, पक्की मंजुरी आली एप्रिल २०२३ मध्ये, खर्च साधारण २६०० कोटी.